शारजा, आणि जॉबर हा शब्द

शारजाहून परत आलो त्याला चार वर्षं झाली. आल्याबरोबर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी उंच इमारती, आरशासारखे रस्ते आणि खजुराच्या बाजाराबद्दल सांगितलं. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याचा एक वार्षिक अंक निघतो. त्यासाठी प्रवासवर्णन द्या म्हणून दरवर्षी मागे लागतात आणि मी दरवर्षी डोळ्यांचं कारण पुढे करतो. डोळे ठीक आहेत. तो प्रवास लिहायचा तर मी तिथे कशासाठी गेलो होतो तेही लिहावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. आता पंच्याहत्तरी आली. लिहितो.

मी तिथे माफी मागायला गेलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची.

बहिणीचं नाव शालन. तिचे यजमान प्रकाश, मी त्यांना दाजी म्हणायचो आणि ते मला नाना. भिवंडीत नारपोलीच्या ज्या पॉवरलूम कारखान्यात मी ऑफिसात क्लार्क होतो, तिथेच दाजी जॉबर होते. जॉबर म्हणजे काय हे भिवंडीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. लूम चालवणारा वेगळा आणि लूम बिघडला की तो उघडून दुरुस्त करणारा वेगळा. हा दुसरा म्हणजे जॉबर. नुसत्या आवाजावरून कुठल्या रांगेतला कितवा लूम दुखतोय ते दाजी सांगायचे. चहाच्या टपरीवर जॉबर आला की लोक सरकून जागा देत.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा दाजींना शारजात पोती विणण्याच्या कारखान्यात जायची संधी आली. एजंटने दिलेला इंग्रजी फॉर्म मी भरला, कारण घरात माझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं होतं. व्यवसायाच्या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत ‘जॉबर’ लिहिलं. अभिमानाने लिहिलं. नारपोलीत ज्या शब्दाला मान आहे त्याला जगात सगळीकडे असेल, असं मी धरून चाललो.

व्हिसा आला तो साध्या मजुराचा. तिकडच्या लेखी जॉबर म्हणजे मिळेल ते किरकोळ काम करणारा माणूस. त्या काळी ज्याच्या कागदावर मजूर लिहिलेलं असेल त्याला बायकोला बोलावता येत नसे, पगार कितीही असो. दाजी तिकडे राहिले, शालन माझ्या घरी. दोन वर्षांनी एकदा दीड महिन्याची सुट्टी. अशी वीस-बावीस वर्षं गेली आणि शालन किडनीच्या आजाराने वारली.

ती गेल्यावर सहा महिन्यांनी दाजींचा फोन आला. “नाना, घरात बसून काय करताय? मी आता गुंडाळायच्या मार्गाला लागलोय. त्याआधी एकदा येऊन जा. व्हिसा मी काढतो.”

मी लगेच हो म्हणालो. मनात ठरवलं, समोरासमोर सांगायचं.

रोला, शारजा

जानेवारीचा महिना होता. विमानतळावर दाजी स्वेटर घालून उभे होते. डोकं पूर्ण पांढरं. “जय भीम, नाना,” म्हणाले आणि माझी पिशवी घेता घेता नाक फुगवून हसले. “सुकट आणलीत ना? विमानात कुणी ओरडलं न्हाय?”

दाजी रोला भागातल्या एका जुन्या इमारतीत राहायचे. मी कल्पना केली होती की इतक्या वर्षांत त्यांची एक खोली असेल. खोली होती, पण त्यात सहा जण. दुमजली लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला पडदा. तिकडे याला बेडस्पेस म्हणतात, म्हणजे खोली नाही, खाट भाड्याने. पडद्याच्या आत ज्याचं त्याचं जग: चार्जर, देवाचा फोटो, बिस्किटांचा डबा, कपड्यांची दोरी. एक जण गावी गेला होता, त्याची खाट मला मिळाली. दाजींच्या खाटेत बुद्धाचा एक फोटो आणि शालनचा एक. हिरव्या साडीतला. तो फोटो आमच्याच गच्चीवर मी काढलेला.

खालच्या खाटेवर गफूरभाई होते, भिवंडीजवळच्या खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान, साठीचे, किराणा दुकानात कामाला. मी सुकट भाजायला घेतल्यावर वरच्या खाटेवरचा केरळचा माणूस खोकत बाहेर पळाला. गफूरभाई मात्र ताट घेऊनच आले.

“नानासाहेब, तुमचे दाजी कंजूस हायत. बाईस साल में एक दफा सुकट खिलाई नाही.”

“तू दुकानातून एकदा तरी फुकट कांदा आणलास?” दाजी म्हणाले.

“कांदा आपल्याच देशातून येतो. माझ्याकडून काय मागता?”

स्वयंपाकघराला वेळा ठरलेल्या होत्या, भिंतीवर कागद चिकटवलेला. दाजींची वेळ सहा ते साडेसहा. अर्ध्या तासात भात, कालवण आणि भांडी. चपात्यांच्या भानगडीत कोणी पडत नाही, कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूस आणतात. मी एकदा सव्वासहाला चहा ठेवला तर दाजी चक्क रागावले. “नाना, माझी पंधरा मिनिटं खाल्लीत.”

सुरुवातीला मी प्रत्येक वस्तूचे रुपये करायचो. चहाचे, केस कापायचे, बसच्या तिकिटाचे. दाजी वैतागले. “असा हिशोब करत बसाल तर उपाशी मराल. इथं आलेला प्रत्येक जण पहिलं वर्षभर हेच करतो आणि वाळतो.”

दुसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. समोरच्या फुटपाथवर दाजी उभे, मध्ये चार पदरी रस्ता. मी आपल्या सवयीने हात वर करून गाड्या थांबवत निघालो. नारपोली नाक्यावर आयुष्यभर तसाच रस्ता ओलांडलाय. गाड्या थांबल्याही, पण पलीकडे पोलीस उभा. दाजी धावत आले, अरबी-उर्दूची खिचडी करून माझ्या वयाकडे, चष्म्याकडे बोट दाखवू लागले. पोलिसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सोडलं. 

“काय सांगितलंत त्याला?” मी विचारलं.

“सांगितलं, म्हातारा हाय, कालच आलाय, डोक्यानं जरा अधू हाय.”

आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून हसलो. त्याच क्षणी सांगून टाकावं असं वाटलं होतं. पण हसणाऱ्या माणसाला काय सांगणार, असं म्हणून मी ते पुढे ढकललं.

कारखाना

चौथ्या दिवशी दाजींनी मला कारखाना दाखवायला नेलं. औद्योगिक भागात गाडी शिरली आणि मला क्षणभर भिवंडीजवळच्या काल्हेरलाच आल्यासारखं वाटलं. तशीच पत्र्याची लांबच लांब गोदामं, तसेच कंटेनर, तीच धूळ. फरक एवढाच, की इथे ट्रक एकामागे एक शिस्तीत उभे होते आणि हॉर्न वाजत नव्हता.

आत गोल लूम होते. आमच्या लूमची खटाखट मला झोपेतही ओळखू येते. हे लूम घुमतात, मधमाश्यांसारखे. दाजी आत गेल्यावर बांगलादेशी, नेपाळी पोरं “उस्ताद, उस्ताद” करत भोवती आली. एका लूमपाशी ते थांबले, मान तिरकी केली, ऐकलं आणि त्या कारागिराला म्हणाले, “खोल इसको.” नारपोलीत करायचे तसंच.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाकिटातून एक जुनं, कडा झिजलेलं ओळखपत्र काढलं. इथलं पहिलं. “वाचा, तुमचं इंग्रजी चांगलं हाय.”

त्यावर मजूर लिहिलं होतं.

“बघा ना गंमत,” दाजी म्हणाले. “इतकी वर्षं यांच्या मशीन उघडतोय आणि कागदावर मी झाडूवाला. तुम्ही फॉर्म नीट भरलात, पण त्या एजंटच्या ऑफिसात कुणीतरी गाढव बसला असेल बघा तो उतरवून घ्यायला. त्या गाढवाला एकदा भेटायचं होतं मला.”

समोरचा नेपाळी मुलगा हसला. मीही हसलो. मी हसलो हे लिहिताना आज हात थांबतो.

आणि यापुढचं लिहायला चार वर्षं लागली. ती चूक अजाणता झाली, एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. दाजी तिकडे गेल्यावर वर्षभरातच मला खरा प्रकार कळला होता. एजंटच्या ऑफिसातल्या टायपिस्टला मी सहज विचारलं, तर तो हसायला लागला. म्हणाला, “काका, लूम मेकॅनिक लिहायचं होतं. अजून वेळ गेलेली नाही. कारखान्याच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला द्या, पदाचं नाव बदलून मिळतं.”

कारखान्याचं लेटरहेड माझ्याच कपाटात असायचं. शेठ न वाचता सही करायचे. मी कागद मशीनला लावला, तारीख टाइप केली आणि थांबलो.

आमची आई त्या वेळी अंथरुणाला खिळलेली होती. माझी बायको शाळेत शिकवायची, मी सकाळी नऊला ऑफिसात. आईला उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं शालन करायची. ती शारजाला गेली तर आईचं कोण बघणार, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला लिहू, फक्त तेवढाच विचार आला. मी कागद काढून घेतला. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.

आई नऊ वर्षांनी गेली. तेव्हा तरी दाखला टाइप करता आला असता. पण मग आधी का केला नाही, हे सांगावं लागलं असतं. पुढे तिकडचा नियम बदलला, पदाचं नाव न बघता पगार बघू लागले. तोवर शालनला डायलिसिस सुरू झालं होतं, आणि तो खर्च तिकडे परक्या माणसाला झेपणारा नव्हता.

अर्चनाच्या घरी

त्या दहा दिवसांत मी एक काम मनापासून केलं. भेटेल त्याला भाडी विचारली, शाळेची फी विचारली, डॉक्टरचा खर्च विचारला. दाजींना वाटलं, नानांना जग समजून घ्यायची हौस आहे. मला वेगळंच हवं होतं. इथे बायका-मुलांना आणून राहणाऱ्यांचे हाल होतात, असं कोणीतरी सांगावं अशी माझी इच्छा होती. म्हणजे शालन आली असती तरी सुखी झाली नसती, असं मला म्हणता आलं असतं.

म्हणूनच दाजी एका मराठी कुटुंबाकडे जेवायला घेऊन गेले तेव्हा मी खूश होतो. मुलगी काल्हेरची, अर्चना, तिशीतली. नवरा दाजींच्याच कारखान्यात सुपरवायझर, त्या दिवशी ड्युटीवर होता. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली दुसऱ्या कुटुंबाला दिलेली, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडचं बाळ रडलं की इकडच्या टेबलावरची वाटी हलायची.

तिने वालाचं बिरडं केलं होतं. वाढता वाढता ती बोलायला लागली आणि मी जे ऐकायला आलो होतो ते सगळं तिने सांगितलं.

“काका, भाडं महिन्याचं नसतं इथे. वर्षाचे चेक आधीच लिहून द्यायचे. एक चेक परत गेला की झोप उडते. मुलीची फी भरली की आम्ही दोन महिने बाहेर जेवत नाही. दात दुखला तर गावी जाईपर्यंत लवंग धरते. उन्हाळ्यात चार महिने खिडकी उघडता येत नाही. सासूबाई म्हणतात, सून परदेशात मजेत आहे. एकदा येऊन ही मजा बघा म्हणावं!”

“पण लाइट जात नाही ना,” दाजी म्हणाले.

“लाइट नाही जात. पाणीही चोवीस तास. रात्री नऊला मी मुलीला घेऊन बागेत जाते, कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. तेवढं खरं.”

मला हलकं वाटू लागलं होतं. मी शेवटचा प्रश्न विचारला. “मग पोरी, परत का येत नाहीस? काल्हेरला आता मोठमोठे टॉवर झालेत. तू आणि मुलगी तिकडे, तो इकडे. पैसे साठतील.”

तिने भाताचा डाव पातेल्यात ठेवला.

“दीड वर्षं केलं होतं तसं, काका. पैसे साठले. पण हे फोनवर विचारायचे, जेवलीस का? मी म्हणायची, जेवले. तुम्ही? हेही म्हणायचे, जेवलो. त्यापुढे आम्हाला बोलायलाच काही सुचेना. मी म्हटलं, लवंग धरीन पण येणार. इथे निदान संध्याकाळी भांडायला माणूस घरी येतो.”

दाजी हसले नाहीत. त्यांनी ताटातलं बिरडं एका बाजूला सारलं, मग पुन्हा मध्ये ओढलं. घरी परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, “पोरगी बोलते बाकी चांगली.”

खाडीवर

शेवटच्या संध्याकाळी आम्ही शारजाच्या खाडीवर बसलो. लाकडी गलबतं धक्क्याला लागलेली, त्यांवर फ्रीज, टायर, कांद्याच्या गोण्या चढत होत्या. आमच्या कशेळीच्या खाडीवर पुलावरून ट्रक जातात आणि खाली कोणी बघत नाही. इथे लोक पाण्याकडे तोंड करून बाकांवर बसले होते. गफूरभाईंनी करक चहा आणला, दाट, वेलची घातलेला, आणि “मैं जरा घर फोन करके आता हूं,” म्हणत लांब गेले. मला वाटलं, हीच वेळ.

“दाजी, एक सांगायचं होतं,” मी म्हणालो.

“मलाही,” ते म्हणाले. “आधी मी सांगू? मग राहून जायचं.”

मी थांबलो. थांबायला नको होतं.

“ते कार्ड दाखवलं ना तुम्हाला. त्या कागदाला मी उगीच शिव्या देतो. कागद बदलून मिळाला असता. सहाव्या वर्षी आमचा मॅनेजर स्वतःहून म्हणाला होता, मी बदलून देतो, बायकोला आण. मी तुम्हाला ऑफिसात फोन केला होता. आठवतं?”

मला आठवत होतं. शुक्रवार होता. दाजी दर शुक्रवारी कारखान्याच्या फोनवर बोलायचे, मग मी निरोप घरी न्यायचो. त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, नाना, मी व्हिसा केला तर शालन येईल का, तिला विचारून ठेवा. पुढच्या शुक्रवारी मी सांगितलं, विचारलं, ती आईला सोडून यायला नको म्हणते.

मी शालनला विचारलंच नव्हतं.

“तुम्ही खरं काय ते सांगितलंत, बरं केलंत,” दाजी म्हणाले. “न्हायतर मी आशेवर बसलो असतो. मला राग आला होता तिचा, नाना. लई आला होता. नवऱ्यापेक्षा माहेर मोठं झालं म्हटलं. नंतर तो विषय मी कधी काढला न्हाय. सुट्टी दीड महिन्याची, त्यात काय भांडायचं? आणि म्हाताऱ्या माणसाचं हगणं-मुतणं काढणाऱ्या बाईला कुठल्या तोंडानं विचारायचं? पण राग काय गेला न्हाय. ती शेवटची आजारी होती तेव्हाही थोडा होताच. तेवढंच मनाला लागतं. तिची माफी मागायची राहिली.”

शालननेही मला एकदा विचारलं होतं, आईचे केस विंचरताना. “नाना, ह्यांच्या खोलीतल्या गफूरभाईंच्या भावाने बायकोला तिकडे नेलं म्हणे. ह्यांना मी तिथे नको असेन का?” तेव्हाही मी पेपर वाचत असल्यासारखं केलं होतं.

“तुमचं काय होतं?” दाजींनी विचारलं.

“काही नाही. गार वारं सुटलंय, निघू या, म्हणत होतो.”

त्यांनी स्वतःचा स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला.

परत आल्यावर

दाजी पुढच्या वर्षी कायमचे परतले. काल्हेरला सहाव्या मजल्यावर घर घेतलं होतं, एकट्यासाठी. मी दर रविवारी जायचो. ते ठरलेल्या अर्ध्या तासातच स्वयंपाक आटपायचे, कोणी घाई करणारं नसूनही. मी दर रविवारी मनाशी वाक्य जुळवत जायचो आणि भाजीचे भाव, पाणी, लिफ्ट यांवर बोलून परत यायचो. असे सात महिने गेले. एका दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. छातीत कळ आली एवढंच डॉक्टर म्हणाले.

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नारपोलीतले जुने कामगार आले होते, शारजाहून गफूरभाईही. वंदना झाल्यावर चार शब्द बोलायला मला पुढे बोलावलं. मी दहा मिनिटं बोललो. दाजी किती कसबी जॉबर होते, किती मायाळू होते, शालनने आईची सेवा किती केली. लोकांनी डोळे पुसले. गफूरभाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, “नानासाहेब, आपने बहुत किया उन दोनों के लिए.” मी तो हात सोडवून घेतला नाही.

तिथे जे बोललो नाही ते असं होतं.

दाजी, तुम्हाला भेटायचा होता तो गाढव मीच. फॉर्मवर तो शब्द मी लिहिला. कळल्यावरही बदलला नाही, कारण आईपाशी मला शालन हवी होती. तुमच्या फोनचा निरोप मी तिला कधी दिलाच नाही. ती नको म्हणाली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी पेटी भरून बसली असती. तुमचा तिच्यावरचा राग माझ्यावर असायला हवा होता. तिची माफी मागायचं तुम्हाला काही कारण नव्हतं. मला होतं. मला माफ करा.